फणस, गळती आणि मंद आच

नावीन्याची ओढ सर्वांनाच असते. तिचे कौतुक करावे असे विशेष काही नाही. दुर्मीळ असते ती दुसरी शक्ती: पुढे काय घडणार हे पक्के ठाऊक असताना त्या घडण्याकडे प्रथमच पाहावे तसे पाहण्याची. दाराशी आलेल्या सूर्याला कुणी 'कालही आला होतास' म्हणून परत धाडत नाही. लहान मूल तीच गोष्ट दहाव्यांदा ऐकते आणि वाघ येण्याच्या जागी दहाव्यांदा आईला बिलगते. वाढत्या वयात हे बिलगणे सुटते आणि त्या सुटण्यालाच आपण अभिरुची म्हणू लागतो. जुन्या काव्यविचाराने रस घेणाऱ्याला विद्वान म्हटले नाही, 'सहृदय' म्हटले. समोरच्या हृदयाबरोबर ज्याचे हृदय चालते तो. अशी हृदये व्यासपीठांवर क्वचितच भेटतात. एक होते ते सार्वजनिक ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत, पुस्तके चिकटवायच्या खळीच्या पातेल्याजवळ.

ते तिथले बाइंडर. बोटांना सदैव डिंक चिकटलेला, म्हणून सारे त्यांना डिंककाका म्हणत. खरे नाव पगारपत्रकाखेरीज कुणालाच ठाऊक नव्हते. खोली अरुंद, पण खिडकी उत्तरेची, त्यामुळे उजेड दिवसभर सारखा. भिंतीशी लोखंडी दाबयंत्र, टेबलावर मेण लावलेला दोरा, हाडाची गुळगुळीत पट्टी, कापडी फितीची रिळे. सुटलेल्या पानांची जुजबंदी करावी, म्हणजे ती दोऱ्याने शिवावीत, नवा पुठ्ठा चढवावा, पाठीवर फीत ओढावी, हे काम त्यांनी सदतीस वर्षे केले. कोणतेही पुस्तक पहिल्यापासून शेवटपर्यंत पाने मोजल्यावाचून त्यांनी कधी हातावेगळे केले नाही.

या सवयीनेच त्यांना अॅनिमेच्या, म्हणजे जपानी चित्रमालिकांच्या, वाटेला लावले. परगावी निघालेल्या एका सभासदाने तीन खोकी भरून अॅनिमेच्या तबकड्या ग्रंथालयाला भेट दिल्या. निम्म्या डब्या फुटक्या. तेव्हाचे ग्रंथपाल म्हणाले, "डब्या चिकटवा, आणि सीडी चालतात का तेवढं बघून घ्या." चालतात का हे पाहायला पाच-पाच मिनिटे पुरली असती. पण अर्धे पाहिलेले 'चालते' असे लिहून देणे काकांच्या हातून होण्यासारखे नव्हते. जेवणाच्या सुट्टीत अर्धा तास आणि संध्याकाळी कुलपे लागेपर्यंत एक तास, असे करत खोलीतल्या जुन्या संगणकावर त्यांनी तिन्ही खोकी पाहून संपवली. त्यात अडीच वर्षे गेली.

पहिल्याच मालिकेत एक मुलगी होती. वर्गातल्या एका मुलावर ती सदानकदा खेकसायची, आणि त्याच्यासाठी पहाटे उठून डबा करून 'उरलं होतं म्हणून आणलं' असे सांगत त्याच्या पुढ्यात आदळायची. काका मोठ्याने हसले. त्यांच्या घरी गेली सत्तावीस वर्षे हेच चालले होते. त्यांच्या पत्नी इस्पितळात परिचारिका. तोंड असे की नवे डॉक्टर वाट बदलून जात. 'विसरलात डबा? राहा उपाशी, माझं काय जातं' असे फोनवर सुनावून त्याच बाई कामावर जाता जाता आडवाटेने येऊन डबा ग्रंथालयाच्या पायरीवर ठेवून जात. काकांनी चिठ्ठीचा एक तुकडा कापला, त्यावर सुबक अक्षरात लिहिले, 'फणस', आणि तो डबीच्या पाठीवर चिकटवला.

मग त्यांना तो नादच लागला. साठ तबकड्या पाहून होईतो त्यांना कळून चुकले होते की कथा शेकडो असल्या तरी त्यांचे साचे मोजकेच आहेत. त्यांनी साच्यांचा तिरस्कार केला नाही; पुठ्ठ्याचेही साचे असतात, आणि आतला मजकूर त्यामुळे खोटा ठरत नाही. जिथे नायक एकच फटका हजारदा मारत राहतो, हरतो, पुन्हा मारत राहतो, त्या मालिकांना त्यांनी 'रियाज' म्हटले. अशा मालिकांत घाम तपशिलाने दाखवतात, आणि आयुष्यभर टाका घालणाऱ्या माणसाला तो आपला वाटतो. जिथे कचेरीतला कुणी रंजलागांजला कारकून गाडीखाली सापडतो आणि तलवारी-चेटकिणींच्या निराळ्याच जगात डोळे उघडतो, तो 'दुसरा जन्म'. त्याची गोडी तलवारीत नाही, असे काकांचे मत. इथे ज्याला कुणी विचारत नव्हते त्याची तिथे कुणीतरी वाट पाहत असते, हे खरे सुख. जन्माचे वैरी शेवटी पाठीला पाठ लावून लढतात ते 'विळा-भोपळा'. जिथे काहीच घडत नाही, चार मैत्रिणी चहा करतात, पाऊस थांबण्याची वाट पाहतात, मांजर शोधतात आणि भाग संपतो, ती 'मंद आच'. आणि ज्या पाहताना डोळे कोरडे राहत नाहीत त्यांवर एकच शब्द, 'गळती'.

घरीही ते कधी एखादी तबकडी नेत. पत्नी भाजी निवडता निवडता पाहत आणि शेरे मारत.

"एवढे मोठाले डोळे दिलेत एकेकाला, आणि शेजारची पोरगी आपल्यावर जीव टाकते हे एकालाही दिसत नाही."

"दिसलं तर गोष्ट संपेल ना."

"तुमचे तर एवढेसे आहेत. तुम्हाला तरी कुठे वेळेवर दिसलं? माझ्या भावानं येऊन सांगितलं तेव्हा कळलं."

काका खाली मान घालून हसत. ही बाजू त्यांनी कधीच लढवली नाही.

तबकड्यांचे कपाट बालविभागाच्या कोपऱ्यात उभे होते. ते आपले आहे, असे काकांनी कधी म्हटले नाही. पण रोज सकाळी खळ शिजवण्याआधी ते तिथे जाऊन एक फडके फिरवून येत. आणि त्या कपाटावर संकट आले ते नव्या ग्रंथपालबाईंच्या रूपाने. बाई वाईट नव्हत्या. जागा अपुरी होती आणि त्या नियमाने चालणाऱ्या होत्या, इतकेच.

"काका, वर्षभरात या कपाटातून फक्त अकरा सीडी गेल्यात," त्या नोंदवही दाखवत म्हणाल्या. "तरुण पोरं फोनवर बघतात. मोठी माणसं बालविभागात पाऊल टाकत नाहीत. जे हलत नाही ते तिमाहीअखेर बाहेर काढायचं, हा नियम मी पुस्तकांनाही लावलाय."

"बाहेर म्हणजे?"

"रद्दीत. घेणार कोण?"

"तीन महिने आहेत म्हणजे."

"आहेत. तुम्हाला कुणी वाचक मिळवता आले तर मिळवा. माझी ना नाही."

पण माणसे मिळवणे हे काकांचे काम नव्हते. एकतीस वर्षे ते पाठीमागच्या खोलीत पुस्तकांच्या पाठी सांभाळत आले होते. धीर करून त्यांनी एकदा रोज मासिके वाचायला येणाऱ्या निवृत्त मुख्याध्यापकांना विचारले. ते चष्म्यावरून पाहत म्हणाले, "डिंकराव, कार्टून बघायचं वय राहिलंय का माझं?" काका ओशाळले. ज्या गोष्टीने आपल्याला अडीच वर्षे हसवले-रडवले, तिची बाजू मांडायला आपल्याकडे चार शब्द नाहीत, हे त्यांना लागले. पुढे त्यांनी कुणाला विचारले नाही. एक महिना गेला, दुसरा गेला. आणि तिसऱ्यात मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेची तारीख आली. सक्तीची तीन आठवड्यांची रजा, त्यात पडदा पाहायची बंदी.

"बरं झालं," पत्नी डोळ्यांत थेंब घालताना म्हणाल्या. "तेवढीच त्या मोठ्या डोळ्यांना तुमच्यापासून विश्रांती."

आणि रोज संध्याकाळी, काकांनी मागितले नसताना, त्या एका मालिकेचा एकेक भाग स्वतः पाहून त्यांना शब्दांत सांगत राहिल्या. सांगताना पात्रांना शिव्या घालत, पण एकही भाग चुकवला नाही.

रजा संपवून, काळा चष्मा लावून काका ग्रंथालयात आले आणि सवयीने आधी बालविभागात गेले. भिंती नव्याने रंगवलेल्या होत्या. कोपरा रिकामा होता. कपाटही नव्हते आणि त्याचे चार पाय जिथे टेकत त्या जागेवर नवी फरशी होती. तिमाही संपायला नऊ दिवस बाकी होते. काकांनी आपल्या खोलीत जाऊन खळीचे पातेले गॅसवर चढवले आणि ती ढवळायची विसरले.

खळ तळाला लागल्याचा वास सुटला तेव्हाच दारात एक माणूस येऊन उभा राहिला. ग्रंथालयाच्या टाक्या दुरुस्त करणारा नळवाला.

"काका, ते 'गळती' लिहिलंय ना, त्याचा पुढचा भाग आहे का?"

काकांनी गॅस बंद केला. "तुला कुठे मिळाली ती?"

"घरदुरुस्तीच्या पुस्तकांत. मला वाटलं टाकीची गळती कशी काढायची ते दाखवतील. बायको, मी, सासूबाई, तिघं बसलो. तासाभरात तिघंही गळायला लागलो. सासूबाईंना विचारलं काय झालं, तर म्हणतात कांदा चिरत होते. हातात रिमोट होता."

काका मोठ्या दालनात गेले तेव्हा सारा उलगडा झाला. रंगकामासाठी कपाट हलवायचे म्हणून ग्रंथपालबाईंनी नव्या नोंदणीबाईंना सांगितले होते, 'चिठ्ठीप्रमाणे लावून टाका'. म्हणजे डब्यांवरच्या क्रमांकाप्रमाणे. नोंदणीबाई जमीनमोजणीच्या कचेरीतून नुकत्याच बदलून आलेल्या. त्यांनी चिठ्ठ्या वाचल्या आणि निष्ठेने अंमल केला. 'फणस' बागकामात गेला. 'गळती' घरदुरुस्तीत. 'मंद आच' पाककलेत, 'रियाज' संगीतात, 'दुसरा जन्म' अध्यात्मात. 'विळा-भोपळा' शेतीची अवजारे आणि भाजीपाला यांच्या मधोमध, कारण तिथे बाईंचा निर्णय होईना.

"मी लिहिलंय तसंच लावलं हो," नोंदणीबाई रडवेल्या होऊन सांगत होत्या. "आमच्या कचेरीत कागदाच्या पलीकडे बघायचं नाही असा दंडक होता. मला काय माहीत फणस म्हणजे मुलगी?"

ग्रंथपालबाईंच्या पुढ्यात नोंदवही उघडी होती. सतरा दिवसांत त्रेपन्न तबकड्या गेल्या होत्या. बागकामवाल्या आजोबांनी फणसाचे तीन खंड ओळीने नेले होते. गायनाच्या मास्तरीणबाई 'रियाज' परत करताना साऱ्या दालनाला ऐकू जाईल असे बोलून गेल्या होत्या, की त्या पोराने एक चेंडू दहा हजार वेळा मारला, आणि माझ्या शिष्यांना एक तान दहादा घोकवत नाही. आणि निवृत्त मुख्याध्यापकांच्या नावावर अध्यात्मातून 'दुसरा जन्म' गेलेला होता. त्याची मुदत उलटून चार दिवस झाले होते.

बाईंनी वही मिटली. "काका, सीडी आता रद्दीत जात नाहीत, हे तर झालंच. पण ही मांडणी अशी ठेवता येणार नाही. वरून कुणी तपासायला आलं तर काय सांगू? मी तुम्हाला मोठ्या दालनात वेगळं कपाट देते, दर्शनी जागी. वर ठळक पाटी, अॅनिमे. सगळ्या सीडी एकत्र. तुमची म्हणून."

जे कधी मागितले नव्हते ते समोर येत होते. काकांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला.

"नको, बाई. आहेत तिथे राहू द्या."

"का? इतकी वर्षं जपलंत."

"एकत्र ठेवल्या की माणसं आधी पाटी वाचतील. पाटी वाचली की स्वतःचं वय आठवेल, आणि पुढे जातील. आत्ता ती फणस शोधायला येतात आणि त्यांना फणसच मिळतो. फसवणूक कुठे आहे?"

"आणि वरून कुणी आलं तर?"

"त्यांनाही एक द्या. गळतीतली."

बाई हसल्या, ग्रंथालयात त्यांना हसताना कुणी पाहिले असेल तर ते त्या दिवशी. नियम मात्र त्यांनी सोडला नाही. प्रत्येक तबकडी आपापल्या विभागाच्या नियमाने जगेल, वर्षभर न हललेली जाईल. काकांना ते मान्य होते. नोंदणीबाईंनी सूचीत सगळ्यांची रीतसर नोंद केली, आणि 'विळा-भोपळा' अखेर भाजीपाल्यात स्थिरावला.

पुढची सहा वर्षे काकांची खोली पूर्वीइतकी शांत राहिली नाही. पाने सुटलेले पुस्तक घेऊन माणूस यायचा आणि अर्धा तास बसायचा. शेवटच्या लढाईआधी नायकाला सगळे गतायुष्य नेमके तेव्हाच का आठवते, यावर नळवाल्याचे आणि मुख्याध्यापकांचे एकदा चांगलेच जुंपले. काका टाका घालत ऐकत. क्वचित म्हणत, "आपल्यालाही तेव्हाच आठवतं की." मुख्याध्यापकांनी वयाचा विषय पुन्हा काढला नाही, काकांनीही काढून दिला नाही. चिठ्ठ्या मळल्या की ते त्याच अक्षरात नव्या लिहून लावत.

निवृत्तीनंतर दोन वर्षांनी, थोड्याशा आजारपणानंतर, ते घरीच गेले. शेवटच्या दिवसांत पत्नी उशाशी बसून 'औषध घ्या नाहीतर मी चालले' असे रोज म्हणत, आणि उठत नसत.

त्याला आता चार वर्षे झाली. ग्रंथालयात दोनशे चौऱ्याऐंशी तबकड्या आहेत. अकरा खरवडून बाद झाल्या, सात न हलल्यामुळे गेल्या. बाकीच्या सूचीत बागकाम, घरदुरुस्ती, पाककला, संगीत, अध्यात्म आणि भाजीपाला यांखाली नोंदलेल्या आहेत. नव्या मालिकेविषयी बोलताना तिथले वाचक एकमेकांना 'फणस आहे का' असे विचारतात. हा शब्द कुणी दिला, हे त्यांतल्या बहुतेकांना माहीत नाही.