पिशवीतली काठी

पांढरी काठी मला मिरजेच्या दवाखान्यात मिळाली. चार तुकड्यांची, आत रबर. घडी सोडली की खटाखट जुळून सरळ होते. शिकवणाऱ्या बाईंनी तीन दिवस व्हरांड्यात चालवून घेतलं. काठी डावीकडं, पाऊल उजवं. काठी उजवीकडं, पाऊल डावं. तिथं मी शहाण्या मुलासारखा चाललो. साताऱ्याच्या स्टँडवर उतरायच्या आधी मात्र ती घडी घालून बायकोच्या पिशवीत टाकली, वर टॉवेल पसरला आणि तिला शपथ घातली, माहेरी यातलं अक्षर काढायचं नाही.

माझे डोळे चमत्कारिक आहेत. बांगडीतून दिसावं तेवढंच समोरचं दिसतं. माणसाच्या मिशा दिसतात, पायाखालची पायरी दिसत नाही. उन्हातून सावलीत गेलं की मिशाही जातात. ऑफिसात खुर्चीवरचं काम, त्यामुळं कुणाला कळलं नव्हतं, आणि कळू द्यायचं नव्हतं. कुणी याला हट्ट म्हणेल. मी माज म्हणतो.

त्या चैत्रात सासुरवाडीची जत्रा आली. आटपाडीकडचं गाव. तिथं जत्रेच्या जेवणाला जावयाचं पान पंगतीच्या पार टोकाला मांडतात आणि तो बसल्याशिवाय कुणी घासाला हात लावत नाही. म्हणजे पन्नास-साठ माणसं मांडी घालून बसलेली, रस्सा वाढलेला, आणि दोन ओळींमधून मी एकटा चालणार. बाहेर रणरणतं ऊन, मांडवात माझ्यापुरता मिट्ट काळोख. बायको कानाशी पुटपुटली, "काढू का?" मी म्हटलं, "गप."

पाच-सहा पावलं गेलो असेन. अनवाणी पायाला काहीतरी गरम, ओलं लागलं. मी बायकोच्या चुलत्यांच्या पत्रावळीत उभा होतो. दचकून मागं सरलो तो त्यांच्याच खांद्यावर कोसळलो. फौजेतून रिटायर झालेला माणूस, त्यांनी मला धरून उभं केलं आणि हसत विचारलं, "पावनं, दुपारीच टाकली व्हय?"

सगळा मांडव हसला. आणि उभ्या जन्मात दारूला तोंड न लावलेला मी म्हणालो, "थोडी झालीय."

माझे सासरे दारूनंच गेले. ते तेव्हा आठवलं नाही असं म्हणायची सोय नाही, कारण बोलता बोलताच आठवलं होतं. तरी शब्द मागं घेतला नाही. त्यांची पत्रावळ बदलली, मी खालमानेनं जेवलो. सासूबाई वाढायला आल्या, वाढून पुढं गेल्या. एरवी चार वेळा आग्रह करणारी बाई, एकदाही "घ्या की" म्हणाली नाही.

परतीच्या एसटीत विटा मागं पडल्यावर बायको म्हणाली, "आईच्या दारात त्येच बोलला तुमी." थोड्या वेळानं म्हणाली, "मी शपथ मोडली न्हाई." ते ऐकून मला हायसं वाटलं. या सगळ्यात मला सर्वांत जास्त लाज त्या हायसं वाटण्याची आहे.

पुढं साताऱ्यात रस्ता ओलांडताना एका रिक्षाच्या आरशानं दंड फाडला, टाके पडले, तेव्हा काठी नाइलाजानं हातात आली. ओळखीचा आवाज ऐकला की घडी घालायचो, एवढाच फरक. सासूबाईंचा फोन आला की मी अंघोळीला गेलेला असायचो. दिवाळीला बायको बॅग भरताना म्हणाली, "तुमी येऊ नगा. आई परत माझ्याच तोंडाकडं बघत बसंल." म्हणून गेलो.

गल्लीच्या तोंडाशी काठी उघडली. दारापर्यंत ठकठक करत गेलो. सासूबाई ओसरीवर शेंगा फोडत होत्या, तो आवाज थांबला.

"ह्ये काय?"

"डोळे गेलेत, मामी. जत्रेतही गेलेलेच होते. मी प्यालो नव्हतो. कधीच पीत नाही."

त्या उठून जवळ आल्या. माझ्या हातातली काठी वरपासून खालपर्यंत चाचपली.

"म्हंजी दारू न्हाई?"

"नाही."

"लेकीला मारत न्हाईसा?"

"नाही, मामी."

तशी त्यांना रडू फुटलं. "फोन लावला की मी बोलणं न्हाई, तिचा आवाज ऐकायची. रडलीया का म्हणून. म्हटलं, माझ्यावानीच झालं तिचं बी." आणि डोळे न पुसताच त्या अंगणात धावल्या, शेजारच्या, चुलत्यांच्या दाराकडं तोंड करून ओरडल्या, "आवं भावजी, पावनं पीत न्हाईत! आंधळं हाईत नुसतं!"

तो शब्द कानावर पडू नये म्हणून मी काय काय केलं होतं. आता त्या तोच शब्द पलीकडच्या, त्याच्या पलीकडच्या घराला पेढे वाटल्यासारखा सांगत निघाल्या होत्या. बायको पिशवीतला टॉवेल काढून आईचे डोळे पुसायला तिच्या मागं गेली. मी ओसरीवर उभा होतो. कुणी बसू नका म्हटलं नव्हतं, पण कोणत्या तोंडानं बसू?