बाहेरून लावलेलं कुलूप
बारा मार्च. जाळीच्या सेफ्टी डोअरच्या कुलपात तेल घालताना सासरे आठवले. तरुणपणी ते बॉम्बफेकी विमानात नेव्हिगेटर होते; लढाईत विमान पडलं आणि त्यांनी एक वर्ष शत्रूच्या कैदेत काढलं. म्हातारपणी ते आमच्याकडे मुलुंडला राहायला आले, त्याच आठवड्यात एका दुपारी ते झोपलेत म्हणून मी सवयीने बाहेरून कुलूप लावून भाजीला गेले. परतले तर ते जाळीमागे खुर्ची टाकून घामाघूम बसलेले. "अहो बाबा, शेजारी हाक मारायची ना!" "तिथे हाक मारली की मार पडायचा गं," ते हसून म्हणाले. मी चहा टाकला. दुसऱ्या दिवशी सकाळी दुसरी किल्ली करून आणली, त्यांच्या सदऱ्याच्या खिशात टाकली आणि म्हटलं, "जाळीतून हात घालून उघडायचं. आणि बाहेर पडलात तर कोथिंबीर आणा."