नियर म्हणजे डावा बैल

इंग्रजीतल्या ‘नियर’ या शब्दावर माझा जुना राग आहे. अकोल्याला इंग्रजी शिकवण्यात माझा उभा जन्म गेला आणि हा शब्द मी किती वेळा फळ्यावर लिहिला असेल, देव जाणे. ‘नियर म्हणजे जवळ’ एवढं सांगायचं आणि पुढच्या शब्दाकडे वळायचं. पोरांना तेवढंच पुरतं, परीक्षेलाही तेवढंच लागतं. मला मात्र तो शब्द इतका सरळ कधी पचला नाही.

त्याचं कूळ मला अमरावतीला कळलं. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताच्या दावणीला बांधलेलं होतं. सगळे हुकूम नागपूरहून यायचे आणि आमच्यासारख्या कास्तकारांच्या पोरांना इंग्रजी शिकून सरकारी खुर्चीत बसायचं वेड लागलं होतं. आमचे इंग्रजीचे मास्तर शब्दाचा अर्थ सांगण्याआधी त्याची वंशावळ सांगत. सोयरीक जमवायला बसल्यासारखे ते शब्दाच्या आज्या-पणज्यांपर्यंत जात. आम्हाला त्याचा कंटाळा यायचा, पण ‘नियर’ची वंशावळ लक्षात राहिली.

मास्तर म्हणाले, जुन्या इंग्रजांचा जवळ असण्याचा खरा शब्द वेगळाच होता, ‘नाय’. ‘नियर’ म्हणजे त्याहून जवळ आणि ‘नेक्स्ट’ म्हणजे सगळ्यांत जवळ. पुढे लोक हे विसरले. ‘नियर’ला साधं जवळ समजू लागले, आणि मग ‘अधिक जवळ’ म्हणायला त्याच शब्दाला आणखी एक शेपूट लावून ‘नियरर’ केलं.  “म्हणजे या शब्दाच्या पोटात मुळातच तुलना आहे,” ते म्हणाले. “कुणी नुसता जवळ नसतो. कुणापेक्षा तरी जवळ असतो.” मास्तर एकटे राहत, खाणावळीत जेवत. ते हे कुणाबद्दल बोलले, ते आम्ही विचारलं नाही.

आणखीही अर्थ होते. रक्ताच्या नात्यातला तो नियर. हात आखडून खर्च करणारा कंजूष, तोही नियर. आणि ‘नेबर’ म्हणजे मुळात ‘नाय’ राहणारा शेतकरी. हे ऐकून मी वर्गात हसलो, कारण आमच्याकडे त्याला चोख शब्द होता. दोन वावरांमधला बांध म्हणजे धुरा, आणि धुऱ्यापलीकडचा कास्तकार तो धुरेकरी. विलायतेचा नेबर आमचा धुरेकरीच निघाला.

शेवटचा अर्थ जनावरांचा होता. जोडीतल्या डाव्या जनावराला इंग्रज ‘नियर’ म्हणतो आणि उजव्याला ‘ऑफ’, म्हणजे लांबचा. कारण तिकडे हाकणारा माणूस जोडीच्या डाव्या अंगाने चालतो. मी उठून सांगितलं की आमच्याकडे माणूस वखराच्या मागून चालतो, त्याला दोन्ही बैल सारखेच जवळ. मास्तर म्हणाले, “मग तुमच्याकडे हा शब्द जन्मलाच नसता.” तेव्हा मला त्यात मोठेपणा वाटला होता.

आमचं गाव चांदूर रेल्वेपासून आत. बाबा आणि काका, दोघे सख्खे भाऊ, एकत्र शेती करत. काळी जमीन, वरच्या अंगाला कपाशी, खालच्या अंगाला ज्वारी. गोठ्यात आमच्याच गाईच्या पोटची एक बैलजोडी होती. वासरं असल्यापासून एक डावीकडे आणि एक उजवीकडे, असेच शिकलेले. कास्तकाराला हे सांगावं लागत नाही, पण शहरातल्या माणसाला सांगितलेलं बरं. ज्या बैलाला जुवाखाली डावी बाजू लागली, तो जन्मभर डावीकडेच चालतो. त्याला उजवीकडे जुंपलं तर तो बिथरतो, अंग चोरतो, आडवा होतो. मग अडाणी माणूस त्याला मारतो.

मी अकोल्याला शाळेत नोकरीला लागलो त्याच्या पुढच्या साली दोघे भाऊ वेगळे झाले. कारण विचाराल तर मला आजही धड सांगता येत नाही. बायकांत कुरबुर होती, चुलीवरून बोलणी झाली होती, आणि दोघेही हट्टाला पेटणारे. गावातली पाच वडीलधारी माणसं ओसरीवर बसली आणि वाटणी सुरू झाली. वावर दोन ठिकाणी झालं, मधे नवा धुरा पडला. भांडीकुंडी, वखर, तिफण, सगळं कसं सुरळीत वाटलं गेलं. शेवटी जोडी राहिली.

रीत अशी की जोडी तुटत नाही. एकाने जोडी घ्यायची, दुसऱ्याने बदल्यात दुसरं काही. पंच तसंच म्हणाले.

“जोडी त्याले द्या,” बाबा म्हणाले. “मी माहं पाहून घेईन.”

“मले नको. दादाले द्या,” काका म्हणाले. “मले कोनाचे उपकार नको.”

“उपकाराची गोष्ट कुठं आली इथं?”

“मंग घे ना तू.”

असं दहादा झालं, मायने मला पुढे सांगितलं. ऐकणाऱ्याला वाटलं असतं, किती हे भाऊप्रेम. प्रेम होतंच, पण त्यात इतका राग मिसळला होता की कोणाला काही देता येईना आणि कोणाकडून काही घेता येईना. उन्हं कलली तेव्हा पंचांतला एक म्हातारा वैतागून म्हणाला, “एकेक घ्या अन् मोकये व्हा.” दोघांनीही लगेच मान डोलावली. माय आतून म्हणाली, “जोडी तोडली का दोनी बैल वाया गेले.” तिचं कोणी ऐकलं नाही. डावा आमच्याकडे राहिला, उजवा काकांकडे गेला, आणि एका दुपारीत माझ्या बापाचा सख्खा भाऊ त्याचा धुरेकरी झाला.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी गावी आलो. दर वेळी चांदूरच्या स्टेशनावर काका बैलबंडी घेऊन उभे असायचे. त्या वेळी कोणी नव्हतं. ट्रंक डोक्यावर घेऊन पायी आलो आणि वाटेत मला समजून चुकलं की दोघे भाऊ वेगळे झाले असणार.

वखरवाहीचे, म्हणजे पेरणीआधी वखर फिरवून जमीन भुसभुशीत करायचे दिवस होते. बाबांनी बाजारातून एक बैल आणून डाव्याला जोडला होता. बैल वाईट नव्हता, पण डाव्याला तो पटला नव्हता. चालताना तो मधे जागा सोडायचा, दुसऱ्या कोणासाठी तरी. वखर एकीकडे ओढला जायचा, मधे काशा, न वखरलेल्या पट्ट्या, सुटून जायच्या. पलीकडे काकांचंही तेच. उजवा चार पावलं चालला की थांबून आमच्या वावराकडे मान करायचा आणि हंबरायचा. डावा इकडून ओ द्यायचा. दोन्ही भाऊ खाली मान घालून वखर हाकायचे, जसं काही ऐकूच आलं नाही.

एका दुपारी बाबांनी बैल सोडले आणि आम्ही बाभळीखाली भाकरीला बसलो. डावा चरत चरत धुऱ्यापर्यंत गेला, धुरा ओलांडला आणि काकांच्या उजव्यापाशी जाऊन उभा राहिला. त्याच्या डाव्या अंगाला, अगदी जुवाखाली उभं राहावं तसा. बाबांच्या हातातला घास हातातच राहिला. काका उठले. ते त्याला हाकलतील असं मला वाटलं. त्यांनी कडब्याची एक पेंढी सोडली आणि दोघांच्या पुढ्यात टाकली. डाव्याच्या पाठीवरून हात फिरवला. मग बराच वेळ गेल्यावर दोरीने त्याला धुऱ्यापर्यंत आणलं, तिथल्या बोरीला बांधलं आणि आमच्याकडे न पाहता परत गेले. काका वळल्यावरच बाबा तो सोडायला उठले.

त्या संध्याकाळी जेवताना बाबा मायला म्हणाले, “उद्या डाव्याले त्याच्याकडं नेतो. म्हनतो, आधी तुहं वाहून घे, मंग माहं वाहू.”

मायने उठून पिठाचा डबा पाहिला. सकाळी शिदोरीत बाबांच्या आणि काकांच्या, दोघांच्या भाकरी होत्या. मला इतका आनंद झाला की मीही बाबांबरोबर वावरात गेलो. वाटेत मनात आलं, मास्तरांना पत्र टाकून कळवावं की आमच्याकडे अजून माणूस मागूनच चालतो, दोन्ही बैल त्याला सारखेच जवळ.

काकांच्या वावरात कोणी नव्हतं. आम्ही धुऱ्यावर बसलो. ऊन चढलं, शिदोरी तशीच राहिली, डावा बोरीखाली उभा होता आणि पलीकडे पाहत होता. दिवस मावळायला आला तेव्हा काका आले, एकटेच, खांद्यावर नुसतं दावं टाकून. तेव्हा आठवलं, त्या दिवशी बैलबाजार होता.

“इकला?” बाबांनी विचारलं. वाटणीनंतर त्यांनी भावाशी बोललेला हा पहिला शब्द.

“इकला,” काका म्हणाले. “तुहा इकडं येते, माहा तिकडं हंबरते. तुले तरास, मले तरास. म्हनून इकून टाकला.”

बाबा उभे राहिले. आता भांडण होणार असं वाटून मी मधे सरकलो. बाबा एवढंच म्हणाले, “कोन्या बाजूनं चालते थो, सांगतलं का घेनाऱ्याले?”

काकांनी खांद्यावरचं दावं हातात घेतलं. मग म्हणाले, “त्यानं इचारलं नाई.”

“मार खाईन थो,” बाबा म्हणाले, आणि घरी निघाले.

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटायच्या आत बाबा बाहेर पडले. बैल घेणारा एक फिरता व्यापारी होता, कळप घेऊन नांदगाव खंडेश्वरकडे गेला एवढाच पत्ता. मी बरोबर येतो म्हणालो, तर नको म्हणाले. भर वैशाखातलं ऊन. मला बाबांचा राग आला, काकांचा आला, आणि खरं सांगायचं तर त्या मुक्या जनावराचाही आला. ज्या माणसाला धुरा ओलांडून चार शब्द बोलणं जमलं नव्हतं, तो एका अनोळखी व्यापाऱ्याला ‘याला उजवीकडे जुंपा’ एवढं सांगायला पायी नांदगावला निघाला होता. घरचे नियर लोक शब्दांच्या बाबतीत किती कंजूष असतात, ते मी तेव्हा पाहिलं.

दोन मुक्काम करून बाबा परतले. मी गावाबाहेर वाट पाहत होतो. आमच्या आणि काकांच्या वावराच्या वाटा जिथे फुटतात तिथे काकाही उभे होते. कधीपासून, ते मी विचारलं नाही, पण त्यांच्या पायाशी विड्यांची थोटकं पडली होती. बाबा दुरून येताना दिसले. धोतर धुळीने माखलेलं, चाल मोडलेली. बरोबर बैल असणार नव्हताच, तरी आम्ही दोघांनीही त्यांच्या मागे पाहिलं.

ते जवळ आले तसे काका पुढे झाले. “दादा,” ते म्हणाले, “भेटला का थो?”

बाबांनी त्यांच्याकडे पाहिलं. ओठ हलले असं मला वाटलं. मग ते काकांच्या अंगावरून पुढे गेले आणि घराच्या वाटेला लागले. काका जागचे हलले नाहीत.

घरी बाबांनी पाय धुतले, पाणी प्याले, भिंतीला टेकून बसले. व्यापारी नांदगावहून अचलपूरकडे निघून गेला होता आणि उजवा वाटेतच कोणाला तरी विकला होता. कोणाला, ते कळत नव्हतं. मी मायला वाटेवरचं सांगितलं. ती बाबांसमोर येऊन उभी राहिली.

“त्यानं पयलं तोंड उघडलं होतं,” ती म्हणाली.

“मालूम हाय मले.”

“मंग बोलले काहून नाई?”

बाबांनी धोतराची धूळ झटकली. “काय सांगू त्याले?” ते म्हणाले. “नाई भेटला, असं सांगू? जीव लावून उभा होता थो तिथं.”

काकांनी तो राग धरला की दुसरं काही समजले, मला कधी कळलं नाही. त्यानंतर दोघे पुष्कळ वर्षं त्याच धुऱ्याच्या दोन बाजूंनी राबले. एकमेकांशी पुन्हा बोलले नाहीत.