वास नसलेली मूठभर माती

गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा आई पावसाळाभर यवतमाळला माझ्या बहिणीकडे होती. इकडे मारेगावला, घरामागच्या तिच्या परसबागेत गवत माजलं. ती परतायच्या आत बाग लख्ख करून शाबासकी मिळवावी म्हणून मी कपाशीत मारून उरलेलं तणनाशक तिथे मारलं. आमच्याकडे आता हीच रीत आहे. निंदायला बाया मिळत नाहीत, मग पंप पाठीवर घ्यायचा. एकदा मारून भागलं नाही, तीनदा मारलं. शाळेत जन्मभर विज्ञान शिकवलं मी, आणि अक्कल एवढी!

आई आली, काठी टेकत मागे गेली. वाफ्यातली माती दगडासारखी झाली होती, गांडूळ औषधालाही नव्हतं. "काहून मारलं रे?" ती म्हणाली. "मीच उपटलं असतं ना."

तिला धड वाकताही येत नव्हतं.

नव्यानं लावलेली वांगी पिवळी पडून बसली. मग मातीत पुन्हा जीव यावा म्हणून तिने जीवामृत करायला घेतलं. शेण, गोमूत्र, गूळ, बेसन ड्रममध्ये पडलं. राहिली मूठभर माती, पण जिच्यावर कधी फवारा पडला नाही अशा धुऱ्यावरची. बांधावरच्या त्या मातीतल्या जिवाणूंचं विरजण लागतं, नाहीतर बाकीचं सगळं नुसतं शेणपाणी, असं तिचं म्हणणं.

मी सकाळीच निघालो. आमचा धुरा मीच तणनाशकाने जाळलेला. शेजाऱ्याचा तसाच, त्याच्या पलीकडचाही. भेटेल तो हसायचा. "मास्तर, माती कायले शोधून राह्यले? पायाखाली कमी हाय का?" दुपारी एका करपलेल्या धुऱ्यावर बसलो आणि खरं सांगतो, रडलो. अख्ख्या शिवारात मला एक मूठ जिवंत माती मिळेना.

शेवटी तिथलीच रुमालात बांधली. आईला सांगितलं, नाल्याकाठच्या बाभळीखालची आहे.

मातीला वास असतो तो तिच्यातल्या जिवाणूंचा, हे मी पोरांना फळ्यावर लिहून दिलेलं. आईने फळा पाहिला नव्हता, पण मूठ नाकाशी नेली. पुन्हा नेली. मग ओशाळून म्हणाली, "माह्या नाकालेच आता वास येत नाही वाट्टे. म्हातारी झाली मी."

आणि ती माती ड्रममध्ये टाकून काठीने ढवळू लागली. तिचं नाक शाबूत होतं. ते सांगायला माझं तोंड उघडलं नाही.