तिसऱ्या मशीनला नॉब नव्हता

हॉलमध्ये तिला सगळे बाईसाहेब म्हणत, आणि ते काही कौतुकाने नाही. रविवारी दुपारी नाचायला येणाऱ्यांपैकी कुणी तिच्या टेबलाशी जाऊन गाणं सांगावं आणि हिने मान वर करूनही बघू नये, असं कितीदा तरी झालं होतं. तेच दुसऱ्या कुणी सांगितलं की हसून मान डोलवायची आणि लगेच ते गाणं लावायची. मग लोकांनी ठरवून टाकलं, की ही बया तोंड पाहून वागते. लोकांच्या जिभेला हाड थोडंच असतं! खरं कारण इतकं साधं होतं, की ते कुणाच्या डोक्यातच आलं नाही. डावीकडून बोलणाऱ्याचं गाणं लागायचं आणि उजवीकडून बोलणाऱ्याचं राहायचं. बाईसाहेबांचा उजवा कान ठार बहिरा होता.

लहानपणी गालगुंड झालं. ते उतरलं, पण जाताना एक कान घेऊन गेलं. ही गोष्ट घराबाहेर जाणार नाही, हे आईने त्याच दिवशी ठरवलं. शाळेत उजव्या भिंतीला लागून बसायचं. चालताना लोकांना डाव्या हाताला ठेवायचं. ऐकू आलं नाही तर हसायचं, आणि हसून भागलं नाही तर "अगंबाई, माझं लक्षच नव्हतं" म्हणायचं. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे वाक्य त्या घरात मीठमिरचीसारखं रोज वापरात होतं. आईला नावं ठेवणं सोपं आहे. पण शेजारच्या एका कमी ऐकू येणाऱ्या पोराला गल्लीतली मुलं ठोंब्या म्हणून कशी पिटाळायची, ते तिने खिडकीतून रोज पाहिलं होतं. तिला आपल्या लेकीचं तसं व्हायला नको होतं, एवढंच.

असल्या मुलीने मोठेपणी डीजे व्हावं, हा शुद्ध हट्ट होता. आठवडाभर ती लाँड्रीत इस्त्री करायची. तिथे तिला कुणी काही विचारत नसे, आणि सांगण्यासारखंही काही नसे. रविवारची दुपार मात्र तिची होती. तिच्या हातातल्या गाण्यांवर शंभर माणसं नाचायची, आणि ते टेबल सोडून जगात दुसरी कुठलीही जागा तिला आपली वाटत नव्हती.

डीजेच्या कामातली मुख्य मेख अशी, की एक गाणं हॉलमध्ये चालू असताना पुढचं गाणं फक्त हेडफोनमध्ये ऐकायचं असतं. दोन्हींची चाल जुळवायची आणि मग एकातून दुसऱ्यात असं शिरायचं, की नाचणाऱ्याचा पाय अडखळता कामा नये. बाकीचे डीजे एक कान हेडफोनला देतात आणि दुसरा हॉलला. बाईसाहेबांकडे द्यायला एकच होता. पण त्यांच्या जुन्या कंट्रोलरवर, म्हणजे गाणी वाजवायच्या मशीनवर, हेडफोनसाठी एक छोटासा नॉब होता. तो एका टोकाला फिरवला की फक्त नवं गाणं, दुसऱ्या टोकाला फक्त हॉलमधलं, आणि मध्ये ठेवला की दोन्ही एकाच कानात. ती तो मधल्या खुणेच्या किंचित पुढे ठेवायची, नव्या गाण्याचा खालचा, घुमणारा ठोका कापून टाकायची म्हणजे दोघांची गल्लत होत नसे, आणि तळहात टेबलावर टेकवून हॉलचा ठोका लाकडातून घ्यायची. ही रीत तिला कुणी शिकवली नव्हती. कुणाला विचारणार? विचारायचं म्हणजे सांगावं लागलं असतं.

एका रविवारी ते जुनं मशीन भर गाण्यात खरखरलं आणि मुकं झालं. हॉलच्या मालकांनी साउंडच्या सामानाच्या दुकानदाराला फोन केला, आणि मंगळवारी सकाळी तो तीन कंट्रोलर घेऊन हजर झाला. खुर्च्या टेबलांवर उलट्या ठेवलेल्या, फरशी नुकतीच पुसलेली. शनिवारी वाजवणारा डीजेही आला होता. तो इतका उंच, की सगळे त्याला बांबू म्हणत. "दोघांनी तिन्ही वाजवून बघा," मालक म्हणाले. "एकच घेणार आहे, आणि ते टेबलाला स्क्रूने पक्कं बसवणार आहे. नंतर कुरकुर चालणार नाही."

पहिलं मशीन हलकं, चाकं बशीएवढी. बाईसाहेबांनी हेडफोन लावला आणि लगेच काढला. आत कढईत तेल तापल्यासारखा एक बारीक आवाज सारखा चालू होता. दुसरं चांगलं वजनदार होतं. प्रत्येक गोष्ट हात जाईल तिथे, माइकला वेगळं बटण, आणि तो नॉब. आवाज ठीकच; खालचा ठोका मात्र जरा गिजगिजा. तिसरं मशीन चालू झालं तेव्हा बांबूचा जीवच त्याच्यावर जडला. मोठी चाकं, मध्ये स्क्रीन, रंगीत दिव्यांची बटणं. आवाज तर इतका स्वच्छ, की गाणारीने मध्येच घेतलेला श्वास ऐकू यावा. बाईसाहेबांनाही तो आवडला, खोटं कशाला बोला! मग त्यांनी पुढचं गाणं जुळवायला घेतलं, आणि हेडफोनमध्ये हॉलचं गाणं येईचना.

"हे मशीन बिघडलेलं आहे," त्या म्हणाल्या. "हॉलचा आवाज हेडफोनला येतच नाही."

दुकानदाराने हेडफोन घेतला, कानांवर चढवला. "येतोय की. चांगला खणखणीत येतोय."

"कुठे?"

"उजव्या बाजूला." त्याने मशीनच्या पुढच्या अंगाचा एक खटका दाखवला. "याला नॉब नाही, त्याऐवजी हा खटका आहे. हा लावला की नवं गाणं डावीकडे आणि हॉलचं उजवीकडे. बघा ना तुम्हीच." आणि त्याने हेडफोन पुढे केला.

बांबूनेही ऐकून बघितलं आणि मालकांकडे बघून हसला. "मशीन फर्स्टक्लास आहे, मालक. बाईसाहेबांना नवीन वस्तू झेपत नाही, त्याला कोण काय करणार? वय झालं."

"अगंबाई, माझं लक्षच नव्हतं" हे शब्द ओठांपर्यंत आले होते. जन्मभराची सवय ती. एवढं बोलून हसलं की प्रकरण मिटलं असतं, तिसरं मशीन स्क्रूने बसलं असतं आणि पुढच्या रविवारी शंभर माणसांचे पाय एकमेकांत अडकले असते. तिला राग आला. बांबूचा आला, त्या खटक्याचा आला, आणि सगळ्यात जास्त त्या ओठावर आलेल्या वाक्याचा आला.

"माझा उजवा कान बहिरा आहे," ती म्हणाली. "लहानपणापासून. सगळ्यांनी नीट ऐकलंत ना? कारण घराबाहेर हे मी आज पहिल्यांदाच बोलतेय."

बांबूचं हसू तोंडावरच वाळलं. मालक दोनदा खाकरले. "म्हणजे इतकी वर्षं..."

"इतकी वर्षं तुमच्याच हॉलमध्ये वाजवलं. कुणाचा पाय अडखळला असेल तर सांगा. आता मशीनचं ऐका. पहिलं परत पाठवा, त्यात अर्थ नाही. आवाजाला तिसरंच चांगलं, तिथे वादच नको. पण घ्यायचं दुसरं. त्याला नॉब आहे, आणि मला तो लागतो."

"अहो, तिसऱ्यातही दोन्ही आवाज एकत्र करता येतात," दुकानदार म्हणाला. "लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये जायचं, आणि तिथे..."

"गाणं संपत आलेलं असताना मी सेटिंग शोधत बसू?"

"मग सिंकचं बटण दाबा," बांबू म्हणाला. "मशीनच जुळवून देतं. कान लागतच नाही."

"रविवारची निम्मी गाणी जुनी आहेत, बांबू. माणसाने हाताने वाजवलेले ड्रम. कुठे धावतात, कुठे रेंगाळतात. तुझं सिंक त्यांना फरफटत नेतं. आणि मशीननेच जुळवायचं तर मालकांनी मला कशाला बोलवायचं?"

"पण एका माणसासाठी कमी प्रतीचं मशीन घ्यायचं? तुम्ही फक्त स्वतःची सोय बघताय."

"हो, स्वतःचीच बघतेय!" आता तिचा आवाज त्या रिकाम्या हॉलभर घुमला. "तुझी पाठ दुखायला लागली तेव्हा या टेबलाखाली विटा घातल्या. तेव्हापासून मी चवड्यांवर उभी राहून वाजवते. मालकांना बारीक अक्षर दिसेना म्हणून हा वाकड्या मानेचा दिवा आला. तो नेमका माझ्या डोळ्यांत येतो. तेव्हा कुणी म्हणालं, एका माणसासाठी कशाला? पाठीला विटा मिळाल्या, डोळ्यांना दिवा मिळाला. मग कानाला नॉब मागितला तर तेवढीच माझी सोय होते का?"

मालक नुसतं "बघतो" म्हणाले. ती तिथून थेट लाँड्रीत गेली. दिवसभर इस्त्री फिरवताना तिला इतकं हलकं वाटत होतं, की त्या हलकेपणाचीच भीती वाटावी. जागा गेली तर आपलं काय उरेल, हा प्रश्न प्रत्येक शर्टाच्या कॉलरपाशी परत परत येत होता.

शुक्रवारी मालकांचा फोन आला. "दुसरं मशीन घेतलं. नॉबवालं. बांबू रुसलाय, पण ते माझं मी बघीन. एकच सांगतो, बाईसाहेब. कानाची गोष्ट आपल्या आपल्यात राहू दे. लोक तिकीट काढून येतात. उद्या आवाज जरा कमीजास्त झाला तर म्हणतील, मालकाने बहिरीला बसवलंय. तेवढं तोंड बंद ठेवा, म्हणजे रविवार तुमचाच."

ती "बरं" म्हणाली नाही, "नाही" म्हणाली नाही. फोन ठेवला आणि आईला सगळं सांगितलं. मंगळवारचंही. आईच्या हातातला शेंगांचा डबा खाली आला.

"बोललीस? चारचौघांत?" मग जरा सावरून, "तो माणूस शहाणा आहे हो. मशीन मिळालं, बोभाटाही नाही. आता तोंडाला कुलूप लाव."

"त्याने एका हाताने नॉब दिला आणि दुसऱ्या हाताने तोंड दाबलं, आई."

"मग त्यात तुझं काय बिघडलं? झाकली मूठ..."

"झाकून झाकून हात आखडला गं माझा!"

"लोक हसतील."

"हसू देत. डावीकडून हसले तरच ऐकू येणार आहे."

आई हसली नाही. "मी तुझ्यासाठीच केलं सगळं," एवढंच म्हणाली आणि शेंगा सोलायला लागली. सोलताना दाणे डब्याबाहेर पडत होते. लेकीला ते बघवेना. आईवर तिचा जीव होता, आणि तरी या बाबतीत आता तिचं ऐकायचं नाही, हेही तिला तितकंच पक्कं कळलं होतं. दोन्ही गोष्टी एका पोटात मावतात. दुखतं, पण मावतात.

रविवारी हॉल भरला. नवं मशीन टेबलाला घट्ट बसलं होतं. पहिली जुळवणी करताना बाईसाहेबांनी नॉब मधल्या खुणेच्या किंचित पुढे नेला, दोन्ही गाणी एका कानात शेजारीशेजारी चालायला लागली आणि नाचणाऱ्यांना गाणं बदलल्याचा पत्ताही लागला नाही. मालक वरच्या ऑफिसच्या काचेतून बघत होते. त्यांनी अंगठा वर केला. सगळं छान चाललं होतं. गप्प बसली असती तर छानच चालत राहिलं असतं.

तिसऱ्या गाण्याला डोळ्याच्या कोपऱ्यात काहीतरी निळं हललं. निळ्या फ्रॉकमधली एक बाई उजवीकडे उभी होती आणि तिचे ओठ हलत होते. बाईसाहेबांनी मान वळवेपर्यंत तिने पाठ फिरवलेली होती. नवऱ्यापाशी जाऊन ती काहीतरी म्हणाली, नवऱ्याने नाक मुरडलं. ऐकू येण्याची गरजच नव्हती. तो शब्द बाईसाहेबांना ओठांवरून ओळखू येत असे, कारण ते त्यांचंच नाव होतं.

त्यांनी गाण्याचा आवाज खाली घेतला आणि माइक उघडला.

"जरा ऐका. माझा उजवा कान बहिरा आहे. उजवीकडून कुणी बोललं तर मला एक अक्षर ऐकू येत नाही. आजवर तुमच्यापैकी ज्यांना मी उत्तर दिलं नाही, त्यांचं मला ऐकूच आलं नव्हतं. तो माज नव्हता. गाणं सांगायचं असेल तर डाव्या बाजूने या. निळा फ्रॉक घातलेल्या बाई, तुमच्यापासून सुरुवात करू. कुठलं लावू?"

मागे कुणीतरी फिसकन हसलं, ते नेमकं डावीकडून, त्यामुळे तिला ऐकू आलं, आणि ऐकू येऊनही काही झालं नाही. निळ्या फ्रॉकची बाई लाल झाली, पण आली. नाचणाऱ्यांमधून वाट काढत, टेबलाला वळसा घालून डावीकडे आली आणि गाणं सांगितलं. तिच्यामागे एक म्हातारा आला. "मी तीनदा सांगून गेलो होतो," तो म्हणाला. "मला वाटलं, तुम्हाला माझी आवड पसंत नाही." बाईसाहेबांना एकदम भरून आलं. रडायला मात्र सवड नव्हती, गाणं संपत आलं होतं.

तेवढ्यात मालक तरातरा जिना उतरून आले. पायऱ्या उजव्या अंगाला होत्या, म्हणून ते थेट उजवीकडे उभे राहिले आणि बोलायला लागले. चेहरा लालबुंद, हात हवेत. काय ठरलं होतं, आता माझ्या हॉलची अब्रू ती काय राहिली, असंच काहीतरी असणार. बाईसाहेबांचा तळहात टेबलावर होता, नजर मशीनवर. मालक वाकले, अजून मोठ्याने बोलले. आजूबाजूची माणसं नाचायची थांबून बघायला लागली. निळ्या फ्रॉकची बाई पुढे झाली आणि मालकांच्या कोपराला हात लावून म्हणाली, "अहो, ऐकलं नाहीत का? डाव्या बाजूने जा."

मालकांनी तिच्याकडे बघितलं, मग भोवतीच्या माणसांकडे. सगळी त्यांचीच तिकीट काढून आलेली गिऱ्हाइकं, आणि सगळी वाट बघत होती. मालक टेबलाला वळसा घालून चालत निघाले. डावीकडे पोहोचून त्यांनी तोंड उघडलं, तेव्हा बाईसाहेबांनी मशीनवरून नजर न काढता एक बोट वर केलं, कारण दोन गाणी नुकती एका कानात आली होती. आणि हॉलचे मालक, स्वतःच्याच हॉलमध्ये, आपली पाळी येईपर्यंत उभे राहिले.