कोऱ्या फितीपुढचं हसू

आमच्या घरात कुणी हळू बोलत नाही. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, उभा जन्म अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या मागांवर काढला. त्या खडखडाटात माणसं ओठ बघून बोलतात, हातवारे करून भांडतात. तीच सवय घरी आली. त्यामुळे अण्णांनी हाकेला ओ दिली नाही, की आई म्हणायची, "सोंग घेतंय म्हातारं." आम्हीही हसायचो.

अण्णांचा जीव भजनांच्या एका कॅसेटवर. शेवटचं भजन संपलं की फीत नुसती कोरी फिरत राहायची. एखादा पाहुणा बटण दाबायला उठला, की अण्णा पंजा उभारायचे. मागावर त्याचा अर्थ एकच, हात लावू नको. मग बऱ्याच वेळानं गाणारा खाकरून पेटीवाल्याला म्हणायचा, "आणि एक घेऊ की!" आणि स्वतःच हसत सुटून चार ओळी गायचा. पाहुणा दचकला की अण्णांना कोण आनंद! जणू ते हसू यांनीच आत दडवून ठेवलं होतं.

परवा टेपरेकॉर्डरनं ती फीत खाल्ली. मी मोठ्या ऐटीत तोच अल्बम मोबाइलवर शोधला. दुपारी दोघं ऐकत बसलो. शेवटचं भजन संपलं आणि मोबाइल गप्प झाला. पुढं काहीच नव्हतं. कुण्या शहाण्यानं कोरी जागा फुकटची समजून कापली होती, तिच्यासोबत हसूही. असा संताप आला! आता अण्णांना सांगायचं कसं, या विचारात मोबाइल उचलायला हात पुढे केला, तर त्यांचा पंजा उभा.

मी थांबलो. पंख्याचा तेवढा आवाज येत होता. आणि नेमक्या वेळी अण्णांचा चेहरा फुलला. मांडीवर थाप मारून म्हणाले, "हसला बघ! अजून तसाच लबाड हाय की!"

किती वर्षं हे असं चाललं होतं, कुणास ठाऊक. आम्ही आपले सोंग म्हणत राहिलो. डॉक्टरकडे नेऊ, कानाचं मशीन आणू, सगळं मनात येऊन गेलं. पण त्या घटकेला माझ्या हातात काहीच नव्हतं. अण्णा माझ्या तोंडाकडे बघत होते.

मी आवाज न काढता नुसते ओठ हलवले, "व्हय अण्णा, हसला की."

"मंग!" अण्णा खूश होऊन म्हणाले, आणि पुन्हा पहिल्यापासून लाव, अशी हातानं खूण केली.