विहिरीतली चुन्याची रेघ

चैत्र वद्य अष्टमी, शके १८१६, सकाळ. दादरची आमची वाडी, विहिरीचा काठ. हजर: धाकटे भावोजी, समुद्राच्या बाजूचा शेजारी, त्याची बायको आणि मी. गैरहजर: आमचे हे, भाजीची गाडी घेऊन गिरगावच्या बाजारात.

ही नोंद माझ्या वहीत अजून आहे. घरात लिहिता येणारी मी एकटी. कोणत्या वाफ्यात काय लावलं, कधी उपटलं, हे मीच टिपून ठेवी. त्या सकाळी मात्र भांडण टिपायचं होतं.

आदल्या वर्षी भावोजींनी विहीर आणखी दीड पुरुष खोल खणून घेतली. पाणी इतकं लागलं की भर उन्हाळ्यात रेडा जुंपून रहाट दिवसभर फिरू लागला. पूर्वी फाल्गुनात आमची भाजी संपायची. आता चैत्रातही माठ, मुळा, वांगी निघू लागली, शिवाय नवी केळ लावली. बाजारात लोक आमच्या गाडीची वाट पाहू लागले. शेजाऱ्याची विहीर मात्र मचूळ झाली आणि त्याच्या मुळ्याची पानं कडेनं करपली.

"वहिनी," तो मला म्हणाला, "तुमचा रहाट कुरकुरला की माझा मुळा मरतो."

"रहाटाला तेल घालतो," भावोजी म्हणाले.

"तेल राहू दे. रेडा सोड."

त्याच्या बायकोनं काठावर पातेलं ठेवलं. आत तुरीची डाळ होती. "आमच्या विहिरीच्या पाण्यात कालपासून चुलीवर होती. दाणा दाबून बघा."

मी दाबला. खडा बरा.

"आणखी एक उन्हाळा असा गेला तर हे परळच्या गिरणीत जाणार," ती म्हणाली. "मुकादमाशी बोलून झालंय. मग वाडीत गवत वाढेल."

भावोजी म्हणाले, त्यांच्या विहिरीचा दोष त्यांनी बघावा. मी वाद घातला नाही. घरात गेले आणि आमच्या पाण्यात आमची डाळ शिजत घातली. दुपारी भावोजींच्या ताटात वरणाऐवजी दाणेच पडले. त्यांनी एक चावला, दुसरा बोटांत धरून बराच वेळ पाहिला आणि हात धुऊन शेजाऱ्याकडे गेले.

शेजाऱ्यानं त्यांना समजावलं ते असं: इथे गोडं पाणी वर, खारं खाली. फार खोल गेलं, फार उपसलं, की खालचं वर येतं, आणि समुद्राकडच्या विहिरीत आधी येतं. हे त्याच्या बापाला ठाऊक होतं. आमच्याही थोरल्यांना असणार. पाणी दिसल्यावर विचारायचं आम्हाला सुचलं नाही, एवढंच.

मग कामं वाटून घेतली. विहिरीचा तळ दगड आणि काळ्या चिकणमातीनं पूर्वीइतका भरून काढला. एक दिवस आमचा रहाट चालवायचा, एक दिवस त्यांचा. केळ पाणी फार पिते, म्हणून अर्धी उपटली. ते मात्र माझ्या जिवावर आलं. आतल्या भिंतीवर चुन्याची रेघ मारली. पाणी उतरून रेघ उघडी पडली की रेडा सोडायचा, वाफा कोरडा असला तरी.

पावसानंतर दोन्ही घरांत डाळ शिजली. पण तेव्हा सगळ्यांचीच शिजते, म्हणून ती नोंद मी धरली नाही. खरी परीक्षा पुढच्या चैत्राची होती. महिनाभर मी रोज कुंपणापाशी जाऊन त्यांच्या मुळ्याची पानं बघत होते. हिरवी होती, तरी बोलायला धजत नव्हते.

एका सकाळी कुंपणापलीकडून शेजारणीची हाक आली. "वरण खायला या. भावोजींनाही आणा, त्यांचे दात शाबूत असतील तर."

वरण लोण्यासारखं झालं होतं. शेजारी ओसरीवर मुळ्याच्या जुड्या बांधत बसला होता.

"आणि मुकादम?" मी विचारलं.

"त्याला दोन जुड्या पाठवल्या. म्हटलं, गिरणीत मुळा उगवत नाही."

भावोजींनी तीनदा वरण मागून घेतलं. परतताना मला चालणं हलकं वाटत होतं. घरी येताच वहीत लिहिलं: शेजारी वाडीतच राहणार.

चुन्याची रेघ दर पावसाळ्यात धुऊन जाते. होळीआधी पाणी उतरलं की आम्ही ती पुन्हा मारतो. कुंचला भावोजींच्या हाती असला की ती बोटभर खाली उतरते, असा मला संशय आहे. म्हणून ती दगडात कोरून घ्यायची, असं दोन्ही घरांनी ठरवलंय. पाथरवटाला बोलावणं तेवढं अजून राहिलंय.